पुष्पक, कापडाचं विमान आणि ताईची काळजी



जगातलं पहिलं सेकंडहँड विमान कोणतं, असं कुणी विचारलं तर मी बिनदिक्कत पुष्पक विमानाचं नाव सांगेन. मूळ मालक कुबेर. त्याच्याकडून रावणानं ते हिसकावून घेतलं. लंका जिंकल्यावर रामचंद्र सगळ्या गोतावळ्यासह त्यातूनच अयोध्येला आले आणि काम झाल्यावर ते कुबेराकडे परत पाठवलं. इतक्या हातांतून जाऊनही विमान ठणठणीत. आणि उसनं नेलेली वस्तू आठवणीनं परत करणारा माणूस भेटला, हे तर कुबेराचं नशीबच म्हणायचं!

हे पुराण काढायचं कारण असं, की आमच्या घरात सध्या विमान शिरलंय. माझा भाचा अमेरिकेत ओहायो राज्यात असतो. त्यानं दोन मित्रांबरोबर भागीदारीत १९४६ सालचं दोन आसनांचं ‘एरोन्का चीफ’ नावाचं विमान विकत घेतलं. त्याची आई, म्हणजे माझी ताई, इथं बरखेड्यातच आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहते. तिला ही बातमी कळली ती फोटोवरून. पिवळ्या रंगाचं, नाक वर करून बसलेलं, शेपटीला इवलंसं चाक असलेलं विमान आणि शेजारी तिचा पन्नाशीला टेकलेला मुलगा, दात काढून हसतोय. ताई फोन घेऊन तडक आमच्याकडे आली. “हे कापडाचं आहे म्हणतो. कापडाचं! छत्रीसारखं?” आणि मग मला हुकूम, “तू जन्मभर भेलमध्ये टर्बाइनं जोडलीस ना? मग तूच सांग त्याला चार शब्द.”

चार शब्द सांगण्याआधी चार गोष्टी समजून घ्याव्यात म्हणून मी भाच्याशी बरेचदा बोललो, थोडं वाचलंही. त्यातून जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवतो, कारण त्या पिवळ्या विमानाचा धागा फिरून फिरून आपल्याच अंगणात येतो.

एरोन्का ही ओहायोतली कंपनी. राइट बंधूंचं सायकलींचं दुकान होतं ते डेटन गावही त्याच राज्यात. दुसरं महायुद्ध संपल्यावर तिकडे सर्वांना वाटलं, की आता घरोघरी मोटारीसारखं विमान येणार. म्हणून स्वस्त, साधी, लहान विमानं भराभर बनवली गेली. घरोघरी विमान काही आलं नाही, पण त्यातली बरीच विमानं टिकली. चीफ हे त्यांतलंच एक. पंख छताच्या वर, आत दोघांनी मोटारीसारखं शेजारी शेजारी बसायचं. इंजिन ६५ अश्वशक्तीचं, म्हणजे आजच्या एखाद्या छोट्या मोटारीएवढंच. वेग ताशी सव्वाशे-एकशेतीस किलोमीटर. समोरून जोराचा वारा असला तर खालच्या हमरस्त्यावरच्या गाड्या आपल्याला मागे टाकताना दिसतात, असं भाचा सांगतो.

आता आपला धागा. याच चीफच्या धर्तीवर बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्यानं एक विमान तयार केलं आणि त्याचं नाव ठेवलं पुष्पक. पहिलं उड्डाण २८ सप्टेंबर १९५८. इंजिन जरा दणकट, ९० अश्वशक्तीचं. अशी दीडशेच्या आसपास पुष्पकं तयार झाली आणि देशातल्या फ्लाइंग क्लबांना मिळाली. पुढे मोठमोठी जेट विमानं चालवणाऱ्या कित्येक वैमानिकांनी श्रीगणेशा गिरवला तो या कापडी पुष्पकावर.

पुष्पकामागचा माणूस आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातला. डॉ. विष्णू माधव घाटगे, जन्म १९०८. जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. हवा एखाद्या पृष्ठभागावरून वाहते तेव्हा त्याला चिकटून जो पातळ थर तयार होतो, त्याचं गणित मांडणारे ते प्रांटल. आधुनिक वायुगतिशास्त्राचे जनकच. त्यांचा हा मराठी शिष्य परत आला आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विमानशास्त्राचा विभाग सुरू झाला तेव्हा त्याचा पहिला प्रमुख झाला. नंतर कारखान्यात त्यांनी १९५१ मध्ये आकाशात झेपावलेलं ‘एचटी-२’ हे शिकाऊ वैमानिकांचं विमान घडवलं, मग पुष्पक, मग सैन्यासाठी ‘कृषक’, आणि १९६४ मध्ये उडालेलं ‘किरण’ हे जेट. १९६५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या कारखान्यात हे घडलं तो १९४० मध्ये म्हैसूर सरकारच्या साथीनं उभारणारे वालचंद हिराचंद सोलापूरचे. दोन्ही नावं आपल्या मुलांना शाळेत क्वचितच ऐकायला मिळतात.

कुणी म्हणेल, परदेशी विमानाच्या धर्तीवर बनवलं, त्यात काय मोठंसं? आम्हा भेलवाल्यांना या प्रश्नाचं उत्तर ठाऊक आहे. १९५६ मध्ये आपला कारखाना स्थापन झाला तोही ब्रिटिश कंपनीच्या तांत्रिक साहाय्यानं. पहिली ड्रॉइंगं त्यांची, हात आपले. पण पत्रा कापताना, बेअरिंग बसवताना, चुकलेलं सोडवताना जे शिकायला मिळतं ते ड्रॉइंगमध्ये नसतं. काही वर्षांनी ड्रॉइंगही आपलंच होतं. घाटग्यांनी पुष्पक आणि किरण एकाच दशकाच्या आत उडवलं. आधी कापडी विमान, मग जेट. पायऱ्या अशाच चढतात.

आता ताईच्या मुख्य आक्षेपाकडे येतो. कापड!

या विमानाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा असतो. पंखांत लाकडी वासे आणि त्यांवर हलक्या धातूच्या फासळ्या. त्या सांगाड्यावर कापड ताणून बसवतात, गरम करून तबल्याच्या पुडीसारखं घट्ट करतात आणि वरून लेपाचे थर देतात. पूर्वी सुती कापड असे, आता पॉलिएस्टर. वजनाचा हिशेब पाहिला म्हणजे कापड का, ते कळतं. चीफचं उड्डाणाचं कमाल वजन ५६७ किलो. त्यातलं सव्वातीनशेच्या आसपास विमानाचं स्वतःचं. उरलेल्यात दोन माणसं, पेट्रोल आणि सामान. तेव्हा कापड म्हणजे काटकसर नव्हे. त्याच्यामुळेच तर एवढ्याशा इंजिनावर दोन माणसं हवेत जातात.

आणि हे कापड फासळ्यांना नुसतं चिकटवून भागत नाही. मेण लावलेल्या दोऱ्यानं, लांब सुईनं, ठरावीक अंतरावर टाके घालून ते फासळीला बांधतात. प्रत्येक टाक्याला गाठ, आणि ती गाठ सरकता कामा नये. भाच्यानं त्याचा व्हिडिओ पाठवला. ताईनं वीस वर्षं महिला मंडळात शिवण शिकवलंय. तिनं चष्मा चढवून तो व्हिडिओ तीनदा पाहिला आणि म्हणाली, “गाठ बरोबर मारतोय. पण दोरा जास्त ओढतोय, कापड चिरेल.” विमान या विषयावर ती काळजीशिवाय बोललेलं ते पहिलं वाक्य.

या विमानाच्या तऱ्हाही पुष्कळ. त्यात बॅटरी नाही, स्टार्टर नाही. जुन्या स्कूटरला किक मारावी तसा समोरचा पंखा हातानं फिरवून इंजिन चालू करायचं. चाकांना ठोकळे लावायचे, शेपटी दोरीनं बांधायची, आत जाणकार माणूस बसवायचा, दोघांनी मोठ्यानं एकमेकांना सांगत-विचारत स्विच बंद आहे, आता चालू आहे, याची खात्री करायची आणि मगच पंख्याला हात घालायचा. पंखा फिरवून लगेच मागे सरायचं. घाई, सैल कपडे, गळ्यातला मफलर, यांना तिथं जागा नाही. बॅटरीच नाही तर ठिणगी कुठून? तर इंजिनावर दोन मॅग्नेटो असतात. इंजिन फिरलं की ते स्वतःच वीज तयार करतात. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, एकेका मॅग्नेटोचा एकेक. एक मॅग्नेटो बंद पडला तरी दुसऱ्यावर इंजिन चालतं. यंत्र जुनं असलं तरी ते बनवणाऱ्यांनी विचार पक्का केलेला होता.

दुसरी तऱ्हा शेपटीच्या चाकाची. या विमानाचा भार पुढच्या दोन चाकांच्या मागे असतो. बाजारातली ट्रॉली उलटी ढकलून पाहा, ती क्षणात वळून बसायला बघते. उतरताना जमिनीवर धावणाऱ्या या विमानाचंही तसंच. विमान थांबून इंजिन बंद होईपर्यंत पाय सतत रडरवर हलते हवेत. म्हणूनच अमेरिकेत शेपटीच्या चाकाचं विमान चालवायला शिक्षकाकडून वेगळं शिक्षण घेऊन, वैमानिकाच्या वहीत त्याची नोंद करवून घ्यावी लागते. भाच्यानं ती घेतली आहे.

तिसरी तऱ्हा दमट हवेची. बाहेर वीस-पंचवीस अंश तापमान असलं तरी कार्ब्युरेटरच्या आत बर्फ धरू शकतो. पेट्रोलची वाफ होताना आतली हवा एकदम थंड होते, म्हणून. इंजिनाचा आवाज मंदावला की गरम हवेचा खटका ओढायचा. आणि मग उंदीर, कुंभारीण माशी ही मंडळी. वेग मोजणाऱ्या नळीत कुंभारणीनं मातीचं घर केलं की वेगाचा काटा खोटं बोलू लागतो. उंदरांनी शेपटीत बिऱ्हाड केलं तर त्यांच्या मुतानं नळ्या गंजतात. हँगरमध्ये उभं राहिलेलं विमान उडणाऱ्या विमानापेक्षा लवकर खराब होतं, असं भाच्याचा मेकॅनिक म्हणतो. बंद घर आणि वापरातलं घर यांतला फरक आपल्याला माहीतच आहे.

पण जुन्या विमानाचं वय हेच मोठं संकट असतं का? मला इथं जे. आर. डी. टाटांची आठवण होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी अठ्ठावीस वर्षांचे जेआरडी ‘पस मॉथ’ या एका इंजिनाच्या लहानशा विमानातून कराचीहून टपाल घेऊन निघाले. अहमदाबादला पेट्रोल भरलं. तिथं ते बैलगाडीतून डब्यांतून आणलेलं होतं! दुपारी ते मुंबईत जुहूला उतरले. भारतातल्या हवाई वाहतुकीची ती सुरुवात. बरोबर पन्नास वर्षांनी, १९८२ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी तोच प्रवास एकट्यानं पुन्हा केला. विमान होतं ‘लेपर्ड मॉथ’, १९३०च्या दशकातलं, १३० अश्वशक्तीचं, पंख घडी घालून ठेवता येणारं. या विमानाची एक गंमत: चाकांच्या दांड्यांवरची आवरणं आडवी फिरवली की तीच हवेत ब्रेकचं काम करतात. विमान म्हातारं, वैमानिक त्याहून म्हातारा, आणि दोघंही सुखरूप उतरले. ते नशिबानं नव्हे. विमान नीट तपासून तयार केलेलं होतं, आणि माणसाला आपलं काम येत होतं.

जेआरडींचा आणखी एक किस्सा सांगतो, त्याचं काम पुढे पडणार आहे. १९२९ मध्ये आगाखानांनी इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड एकट्यानं उडत जाणाऱ्या भारतीयाला पाचशे पौंडांचं बक्षीस लावलं होतं. जेआरडी इकडून निघाले, अस्पी इंजिनिअर नावाचा कोवळा मुलगा तिकडून. इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली. अस्पीचं विमान स्पार्क प्लगसाठी अडकलं होतं. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला दिले. अस्पी थोडक्या फरकानं जिंकला आणि पुढे भारताचा हवाईदलप्रमुख झाला.

तर हे प्लग. गेल्या महिन्यात भाच्याचे भागीदार मित्र शनिवारी शेजारच्या गावी विमान घेऊन जायचं ठरवून बसले होते. तिथं दुसरे हौशी लोक जमणार, नाश्ता होणार, फोटो होणार. उड्डाणाआधी रिवाजाप्रमाणे भाच्यानं एकेक मॅग्नेटो बंद करून पाहिला. एकावर इंजिनाचे फेरे नेहमीपेक्षा फार पडले. मित्र म्हणाले, “दुसरा तर चांगला आहे ना? वीस मिनिटांचा तर रस्ता.” भाच्यानं इंजिन बंद केलं आणि विमान परत हँगरमध्ये ढकललं. मित्र दिवसभर त्याच्याशी नीट बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी एका प्लगवर शिशाचा गोळा सापडला. ही इंजिनं कमी शिशाच्या पेट्रोलसाठी बनलेली. हल्ली मिळणाऱ्या विमानी पेट्रोलच्या नावात ‘लो लेड’ असलं तरी त्यात शिसं त्याहून बरंच जास्त असतं, आणि ते प्लगवर साठतं.

ही हकीकत त्यानं ताईला व्हिडिओ कॉलवर सांगितली. मी शेजारीच बसलो होतो. ताईनं त्याला तीन प्रश्न विचारले. विमान दरवर्षी कोण तपासतं? तुला ते येतं असं कोण म्हणालं? आणि सगळे चला म्हणत असताना तू नाही म्हणू शकतोस का? पहिल्या दोन प्रश्नांना त्याच्याकडे कागद होते. दर वर्षी अधिकृत तपासनीस विमान उघडून पाहतो, १९४६ पासूनच्या नोंदवह्या आहेत, त्यांत कुठल्या साली कुठला वासा बदलला, कधी कापड नवीन घातलं, सगळं लिहिलेलं आहे. एखाद्या घराण्याच्या वंशावळीसारखं. तिसऱ्याचं उत्तर कागदावर नव्हतं. ते त्यानं शनिवारी देऊन टाकलं होतं. ताई म्हणाली, “मग मला काही म्हणायचं नाही.”

तिची काळजी संपली असं मी म्हणत नाही. आईची काळजी संपत नसतेच. पण काळजी आणि अविश्वास यांत फरक आहे, आणि तो तिनं केला. आता उडण्याआधी आणि उतरल्यावर त्यानं एकेक निरोप टाकायचा, असं ठरलंय. पुढच्या उन्हाळ्यात ती तिकडे जाणार आहे. विमानात बसणार का, विचारलं तर म्हणते, “आधी टाके पाहीन.”

आता तुम्ही विचाराल, हे सगळं आपल्याकडे जमेल का? कायद्यानं जमतं. खासगी माणूस विमान घेऊ शकतो, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे नोंदणी आणि उड्डाणयोग्यतेची कागदपत्रं करावी लागतात. अडचण असते ती छोट्या धावपट्ट्यांची, जाणत्या मेकॅनिकांची आणि पेट्रोलची. लहान विमानांचं पेट्रोल आपण कितीतरी वर्षं बाहेरून आणत होतो. इंडियन ऑइलनं ते देशात तयार करून बाजारात आणलं ते सप्टेंबर २०२२ मध्ये. तरी वेडे लोक थांबत नाहीत. मुंबईच्या कॅप्टन अमोल यादव यांनी राहत्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, २०१६ मध्ये ते ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडलं आणि २०१७ मध्ये त्याची अधिकृत नोंदणी मिळवली. अशा माणसांच्या घरच्यांनी काय काय ऐकून घेतलं असेल, ते ताईला विचारा.

मला मात्र खंत वाटते ती पुष्पकाची. ओहायोत १९४६ चं चीफ तीन मित्र मिळून उडवतात, त्याचे सुटे भाग, नकाशे, जाणकार मिळतात. त्याच घराण्यातलं, घाटग्यांच्या हातचं आपलं पुष्पक किती जणांनी नुसतं पाहिलंय? विमान जपायला पैसा लागतो, ते प्रत्येकाला जमणार नाही. पण आठवणी जपायला फक्त वही आणि कुणीतरी विचारणारा लागतो.

म्हणून मंडळी, एक विनंती. तुमच्यापैकी कुणाचे वडील, काका, आत्या फ्लाइंग क्लबात पुष्पकावर शिकले असतील, कुणी बंगळूरच्या कारखान्यात त्यावर काम केलं असेल, एखादा जुना फोटो किंवा उड्डाणाची वही कपाटात पडली असेल, तर आपल्या अंकासाठी जरूर लिहा. ज्यांच्याकडे असे आजी-आजोबा आहेत त्यांनी या दिवाळीत फराळाच्या ताटाशी बसून त्यांना बोलतं करा. शुद्धलेखनाची काळजी नको, ते आम्ही पाहून घेऊ.

पुढच्या महिन्यात भेटूच. तोवर पतंग उडवा, तोही कागदाचाच असतो!